गोदूचं बाळंतपण

कस्तुराबाईला स्वस्थ बसलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं, आणि तेव्हा ती तापानं फणफणली होती. एरवी बाई म्हणजे चुलीवरचं आधण. भाकरी थापता थापता उठून दाराशी जाईल, रस्ता बघेल, परत येईल, भाकरी करपलेली असेल, मग त्या भाकरीलाच चार शिव्या घालील. लोणावळ्याच्या रेल्वेचाळीत आमच्या दोघींच्या खोल्या भिंतीला भिंत लावून. तिच्याकडे तांब्या पडला की माझ्याकडे मांजर दचकायचं. म्हणून तर मला सगळं ठाऊक. जे ठाऊक नव्हतं ते मी विचारून घेतलं, त्यात मला लाज कसली!

तिचा नवरा कोंडाजी फायरमन. घाट चढणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जे इंजिन लावत, त्याच्यावर कोळसा मारायचा. माणूस चांगला, पण बोलायचं म्हटलं की तोंडाला कुलूप. मुलगी एकच, सरू. सव्वीस साली तिला पंधरावं सरत आलेलं, म्हणजे तेव्हाच्या मानानं थोराडच. आणि कस्तुराबाईला होता एक नाद. वाचायचा!

तिचे वडील अंबाजी वडगावच्या कचेरीत पट्टेवाले होते. साहेबाच्या दाराशी उभं राहून राहून त्यांना कळलं, की आत खुर्चीवर बसतो तो वाचता येतं म्हणून बसतो. मुलगा नव्हता, तर मुलीलाच शाळेत घातली. चौथीपर्यंत शिकली कस्तुरा. आमच्या चाळीत बायकांमध्ये वाचता येणारी ती एकटी, त्यामुळे तिचा तोरा काय विचारता! दुधवाल्याची चिठ्ठीसुद्धा असा घसा खाकरून वाचायची, की जणू हायकोर्टाचा निकाल.

शाळेच्या मास्तरीणबाईंकडे पुण्याहून एक मासिक यायचं. त्यांचं वाचून झालं की कस्तुराबाई मागून आणायची, आणि दुपारी आम्ही सगळ्या सूप घेऊन तिच्या ओट्यावर. आम्ही तांदूळ निवडायचे, तिनं वाचायचं. त्या मासिकात वर्षभर एक कादंबरी चालली होती. गोदू नावाच्या पोरीची.

गोदू कोकणातली. नवरा आफ्रिकेत रेल्वेच्या तारऑफिसात. लग्न लागलं, आणि हळदीच्या अंगानं पोर आगबोटीत. तिथं पत्र्याची खोली. शेजारी पंजाबी मिस्त्र्याची बायको, पलीकडे गुजराती दुकानदाराची, हिचं बोलणं तिला कळेना, तिचं हिला. नवरा पंधरा-पंधरा दिवस लाइनीवर. मग गोदू दुपारी दाराला कडी लावून भिंतीशी मराठीत बोलत बसायची. का, तर आपली बोली विसरायला नको.

हे भिंतीचं वाचलं त्या दिवशी कस्तुराबाई मध्येच थांबली. तिनं अंक खाली ठेवला, उठली, कळशी भरलेली असताना पुन्हा पाण्याला गेली. त्या महिन्यात तिच्या घरातल्या आमटीला मीठ नव्हतं, नाहीतर दुप्पट होतं. गोदूच्या नवऱ्याला तर ती अशा शिव्या घालायची की ऐकत राहावं. एक दिवस कोंडाजी कामावरून आला, ऐकलं, आणि मला बाहेर येऊन हळूच विचारतो, "विठाबाई, ही गोदू कोनत्या खोलीतली वो? तिच्या दादल्याला सांगून बघू का मी?"

मी म्हटलं, "सांगा की. आफ्रिकेत राहतो. जेवून निघालात तर पावसाळ्यापर्यंत पोचाल."

आता त्या अंकाचं सांगते ज्यानं सगळा घोळ केला. माघ महिना होता. वाचता वाचता आलं, की गोदूला सातवा लागला. कोण डोहाळे विचारील, कोण ओटी भरील, तिथं तिचं आहे कोण? कस्तुराबाईनं फट्‌कन अंक मिटला.

"पुढं न्हाई वाचायची मी," म्हणाली. "आदी तिची वटी भरायची."

"कुणाची गं?" मी विचारलं.

"गोदूची. सातव्यात वटी न भरता बाईला पुढं ढकलायची का? तुमच्या पोटच्या पोरीला केलं असतं का असं?"

आम्ही हसलो. पण ती हसेना. उठून पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, अंक पाटावर ठेवला आणि जिथं गोदूचं नाव छापलं होतं ते पान उघडलं. सरूकडून हिरवा खण काढून घेतला, तांदूळ आणले, नारळ, सुपारी, हळकुंड. मग काय, आम्हीही सोडतो का! मी म्हटलं, "कस्तुरे, पाहुणीला नाव घ्यायला लाव की. लाजतीय बघ कशी, तोंडातून शब्द नाही!" सगळ्या खिदळल्या. एकेकीनं हळदीकुंकवाचं बोट पानावर टेकवलं, ओटी भरली. आणि खरं सांगू? तिसरी-चौथी बाई उठेस्तोवर हसणं कुठं गेलं कळलंच नाही. ज्या बायका दूरवरून नांदायला आलेल्या, त्यांचे तर डोळेच वाहायला लागले. मी मेली थट्टा करणारी, मीसुद्धा पदर नाकाला लावला.

नारळ फोडला तो तिथंच. पाणी उडालं पानावर. हळद, कुंकू, नारळपाणी, सगळ्याचा लगदा. तशाच ओल्या पानांवरून तिनं पुढं वाचलं. दिवस भरायच्या आधीच गोदूला कळा सुरू झाल्या. नवरा लाइनीवर. पंजाबीण कुठं लग्नाला गेलेली. गोदू भिंतीला धरून उभी राहिली. आणि खाली छापलेलं, 'पुढील अंकी चालू'.

आम्ही सुपं उचलून आपापल्या घरी गेलो.

अंक परत करायला गेलो तेव्हा मास्तरीणबाईंनी तो दोन बोटांनी धरला, मेलेली पाल धरावी तसा. "कस्तुराबाई, हे मासिक आहे, देवीचा टाक नव्हे. आता पुढचा अंक मागायला येऊ नका." आणि दार लावून घेतलं.

म्हणजे बघा, गोदू तिकडं भिंतीला धरून उभी, आणि इकडं आमची बाई दाराबाहेर.

नेमक्या त्याच आठवड्यात सरूला स्थळ आलं. कुठलं असेल? आफ्रिकेतलं!

मुलगा मारुती, तिकोणा पेठेचा. आधी इथंच लोकोशेडमध्ये फिटरच्या हाताखाली होता, चार वर्षांमागे नैरोबीच्या रेल्वे वर्कशॉपात गेला. रजेवर आलेला. चैत्र संपता संपता त्याची बोट, तेवढ्यात लग्न करून बायको घेऊन जायची. त्याची आत्या झुंबरबाई निरोप घेऊन आली. अंगानं दांडगी, आवाजानं त्याहून. म्हणाली, "पोरगं निर्व्यसनी हाय. हिडीसफिडीस करनारं न्हाई. आठ दिसांत हो का न्हाई सांगा, कामशेतची एक पोरगी बघून ठिवलीया आमी."

कोंडाजीला मुलगा पसंत होता, शेडमध्ये त्यानं त्याला राबताना पाहिलेलं. तो कस्तुराबाईकडे बघतो. कस्तुराबाई म्हणाली, "पुढला अंक येऊ द्या."

"कसला अंक?" झुंबरबाई.

"हाय एक. त्यात कळंल."

झुंबरबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

ती गेल्यावर कोंडाजीचं कुलूप बायकोसमोर पहिल्यांदा उघडलं. "म्हंजी त्या गोदूपायी माझ्या पोरीचं लगीन आडलंय?"

"गोदू जगली का मेली ते कळू दे मला. मंग सांगते."

"आगं ती छापलेली बाई हाय!"

"आन सरू काय दगडाची हाय? त्याच मुलखात जानार न्हवं ती? तसल्याच खोलीत? तवा तिला कळा आल्यावर तुमी जानार हाय का हितनं इंजिन ढकलत?"

कोंडाजी उठून कामावर गेला. पाळी संध्याकाळची होती, हा सकाळीच गेला.

पुढचे चार दिवस काय सांगू! बाई झाडू मारायला घ्यायची आणि अर्धी खोली झाडून ठेवायची. मास्तरीणबाईंच्या घरावरून दिवसातून सहा फेऱ्या, भाजीला जायचं तरी त्या गल्लीनं आणि देवळात जायचं तरी त्या गल्लीनं. टपालवाला त्या घरात शिरताना तिनं पाहिला. हातात मासिक होतं तेही पाहिलं. मी म्हटलं, "अगं, खिडकीतून उडी मार, मी पाय धरते." तर खरंच खिडकी बघायला लागली! मग मलाच भीती वाटली.

पाचव्या दिवशी आली ती लुगडं बदलूनच. "विठाबाई, चल वडगावला."

वडगावला कचेरीपाशी एक वाचनालय होतं. तिथला शिपाई भिमाजी तिच्या वडिलांच्या हाताखाली शिकलेला. दुपारच्या गाडीनं गेलो. गाडीत ही बसेना. कामशेत आलं, उठली. कान्हे आलं, उठली. शेवटी मी तिचा पदर माझ्या मांडीखाली दाबून बसले.

भिमाजी म्हणाला, "आक्का, बायामान्सांना आत बसाया मनाई हाय."

"बसते कोण?" ती म्हणाली. "खिडकीतनं दे."

आत चार वकील पेपर वाचत होते, त्यांच्या पाठीमागून भिमाजीनं अंक असा बाहेर दिला जसा चोरीचा माल. आम्ही दोघी भिंतीला टेकून उन्हात उभ्या. तिनं पानं उलटली. सापडलं. घसा खाकरला नाही, काही नाही. वाचलं.

"'दोन वर्षे लोटली. गोदूचा मुलगा आता अंगणात दुडुदुडु धावू लागला होता.'"

थांबली. मागचं पान बघितलं. पुढचं बघितलं. बोट ओलं करून पान चिकटलंय का ते बघितलं. मग खिडकीतून, "भिमाजी, ह्यातलं पान कुनी फाडलं?"

"न्हाई वो आक्का, कालच आलाय."

तिनं पानांचे आकडे एकेक बोट ठेवून तपासले. सगळे होते. मग माझ्याकडे वळली. "बाळातपन खाल्लं मेल्यानं!"

मी म्हटलं, "अगं बरं झालं की! जगली ना? पोरगंही जगलं. चल, सुटलीस."

"जगली खरी. पन कशी? भिताड धरून उभी होती ती. नाळ कुनी कापली? रगत कुनी थांबवलं? दोन वर्सं लोटली! त्याला काय, लिवलं की लोटली!"

वकिलांनी माना वर केल्या. तिचा आवाज तेवढा चढला होता. मी तिला धरून कचेरीच्या मागं चिंचेखाली नेली. तिथं ती बसली नाही, झाडाच्या खोडाला तळहात लावून उभी राहिली, आणि मग मला सांगितलं. बारा वर्षं भिंतीला भिंत, आणि मला हे ठाऊक नव्हतं.

सरूच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. तेव्हा कोंडाजी घाटात ठाकूरवाडीच्या ठेसनात होता. एक खोली, खाली दरी, वर डोंगर, बाईमाणूस कोसभर नाही. कोंडाजी गाडीबरोबर गेलेला, आणि ही एकटी. तीही भिंतीला धरून उभी. वाडीवरची ठाकरीण, पुतळाबाई, मोळी घेऊन खाली चालली होती, तिनं आवाज ऐकला, मोळी टाकून आत शिरली. बाईला वाचवलं तिनं. मूल मात्र गेलं होतं.

"धा मिंटं आदी आली असती तर," कस्तुराबाई म्हणाली, "न्हाईतर मला सोताला म्हाईत असतं काय करायचं तर. मला कुनी सांगितलंच नव्हतं. लग्नाच्या येळी सांगितलं, पदर कसा घ्यायचा, भाकरी कशी भाजायची. ह्ये न्हाई सांगितलं. आन माझी गोष्ट कुनी लिवली असती ना, तर त्यानंबी असंच लिवलं असतं. दोन वर्सं लोटली."

मी तिचा घसरलेला पदर डोक्यावर सारला आणि तिला स्टेशनकडे चालती केली.

परतीच्या गाडीत ती खिडकीचा गज धरून उभीच राहिली. मला वाटलं, झालं, नकार देणार. ती म्हणाली, "त्या लेखकाला ठावं न्हाई. पन पोरगा तर तितं राहतोय. त्याला इचारते."

"तू विचारणार? मुलाला? समोर?"

"मंग काय खिडकीतनं?"

दोन दिवसांनी मारुती मुलगी बघायला आला. काळासावळा, हाताला भाजल्याचे डाग, साहेबी टोपी मांडीवर. बरोबर झुंबरबाई आणि दोन काका. सरूनं पाणी दिलं, आत गेली, दाराआड उभी राहिली. आमच्याकडे तेव्हा मुलीची आई पाहुण्यांसमोर येत नसे, जे बोलायचं ते आतूनच. कस्तुराबाई सरळ बाहेर आली आणि मुलाच्या समोर बसली. कोंडाजीच्या हातातली सुपारी खाली पडली.

"खोली कशाची?" तिनं विचारलं.

"पत्र्याची, मावशी. पन मोठी हाय. नळ हाय चाळीला. इजेची बत्ती हाय वर्कशॉपात." मुलगा जोरात होता. सिंह, जिराफ, डोंगरावरचा बर्फ, सगळं एका दमात सांगितलं. काका माना डोलावत होते.

"शेजारी कोन?"

"पंजाबी मिस्त्री. लय चांगली मान्सं."

"त्याच्या बायकूचं बाळातपन झालं?"

झुंबरबाईनं "आगं बया!" म्हणून कपाळाला हात लावला. काका भिंतीकडे बघायला लागले. मारुतीनं टोपी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली.

"झालं. गेल्या साली."

"कुनी केलं?"

मुलानं हातावरच्या डागांवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता हा काहीतरी ठोकून देणार, इस्पितळ आहे, डॉक्टरीण मडम आहे. पण तो म्हणाला, "म्हाईत न्हाई, मावशी. आमी बाप्ये भाईर लाकडावर बसलो व्हतो. बाजारातली एक तितलीच काळी बाई कुनीतरी बलावून आनली. मी पानी तापवून दारात ठिवलं. आत काय झालं मला ठावं न्हाई. रडं ऐकू आलं, मग आमी कामावर गेलो."

"आन रडं ऐकू आलं नसतं तर?"

"तरीबी कामावर जावं लागलं असतं," तो खाली बघून म्हणाला.

बाहेर घाटातून वर आलेली गाडी धापा टाकत होती. मला तर वाटलं, स्थळ गेलं कामशेतला. आणि दाराआडून आवाज आला, "मी जाते."

सरू! त्या घरात तिचा आवाज मी वर्षात चारदा ऐकला असेल.

पाहुणे चहा पीत होते तोवर कस्तुराबाईनं तिला मागच्या अंगणात ओढली. मी धुणं काढायच्या निमित्तानं गेले, धुणं तर सकाळीच काढलेलं.

"वरीसभर मी रडून रडून वाचलं," कस्तुराबाई दबक्या आवाजात म्हणत होती, "त्या गोदूचे हाल तुज्या कानाव पडलं न्हाईत का?"

"पडलं की. तू रडायला लागलीस का मी आदीचं आठवत बसायची. ती बोटीच्या कठड्याला उभी ऱ्हाती आन मासं उडताना बघती. तिला कुनी आत ये म्हनत न्हाई." सरू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. "आन आई, ती भिंतीशी बोलती न्हवं, मला ते आवडलं. हितं मी कुनाशी बोलते? तूच बोलतीस सगळं."

कस्तुराबाईनं माझ्याकडे पाहिलं. हसू नको म्हणून ओठ चावले मी, पण काय करणार, सुटलंच.

कस्तुराबाईनं हो म्हटलं. पण अट घातली. लग्न झाल्यावर बोटीला वीस दिवस होते. तेवढे दिवस सरू सासरी राहणार नाही, आईकडे राहून ठाकूरवाडीला पुतळाबाईच्या मागं फिरणार, बाळंतपणं शिकणार.

झुंबरबाईनं आकाशपाताळ एक केलं. हळदीच्या पायाची नवी नवरी, आणि ठाकरणीबरोबर लोकांची बाळंतपणं बघत हिंडणार? असं कुणी केलंय का कधी? कस्तुराबाई शांतपणे म्हणाली, "बरं. मंग तुमी जाता का आफ्रिकेला तिच्यासंगं?" झुंबरबाईला घराच्या ओट्यावरून देवळापर्यंत जायचं तरी दम लागायचा. विषय तिथंच मिटला. मारुती मात्र काही न बोलता पहिल्या दिवशी बायकोला वाडीच्या पायवाटेपर्यंत सोडून आला.

पुतळाबाई तेव्हा साठीची, पाठीत वाकलेली, डोळे मात्र घारीचे. सरूला म्हणाली, "त्वांडानं न्हाई शिकवत मी. माज्या हाताजवळ हात ठेव." पहिल्या बाळंतपणाला सरू चक्कर येऊन पडली, तेव्हा बाळंतिणीला सोडून आधी हिलाच पाणी मारावं लागलं. मी तिला 'वैदीणबाई' म्हणून चिडवायची. दुसऱ्याला उभी राहिली. तिसरं पोर आडवं होतं, सकाळपासून दुपार झाली, त्या दिवशी परत आली तेव्हा तिनं माझ्या चिडवण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात धुतले, पुन्हा धुतले, आणि आईला म्हणाली, "आई, नाळ बांदायची ती दोन जागी. मधी कापायची." कस्तुराबाई भाकरी थापत होती. तिचे हात परातीतच राहिले.

चैत्र संपला. मुंबईच्या गाडीत बसवलं दोघांना. कस्तुराबाई रडली नाही, गाडी हलेपर्यंत खिडकीतून सूचना देत होती, पाणी उकळ, चिंध्या उकळ, कात्री उकळ, आणि डब्यातला एक पारशी म्हातारा घाबरून आपलं सामान उचलून पलीकडे गेला.

नंतरचे दोन महिने तिच्या शेजारी राहिले म्हणून मला स्वर्गात वेगळी खोली मिळाली पाहिजे. मास्तरीणबाई एकदा स्वतःहून नवा अंक घेऊन आल्या, त्यांनाही आमच्यासारख्या ऐकणाऱ्या कुठं मिळणार? कस्तुराबाईनं दोन पानं वाचली आणि ठेवून दिला. "हितंबी काय तरी गाळलंय त्यानं," म्हणाली.

आणि ज्येष्ठात पत्र आलं. सरूच्या हातचं नव्हे, तिला कुठं लिहिता येतं! मारुतीनं लिहिलेलं. पाच ओळी. सुखरूप पोचलो. सरूला चार दिवस बोट लागली. खोली बरी आहे. पंजाबीण हिच्याकडे रोज येते. सर्व खुशाल.

कस्तुराबाईनं ते ओट्यावर उभं राहून वाचलं, आत जाऊन वाचलं, बाहेर येऊन मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, "झालं ना समाधान? आता तरी बस."

"पंजाबीन रोज येती. कशाला येती?"

"बोलायला येत असेल."

"हिचं तिला कळत न्हाई, तिचं हिला कळत न्हाई, आन रोज येती? आन खुशाल म्हंजी काय गं? खुशाल तर मीबी त्या ठाकूरवाडीवरनं माझ्या आईला कळवलं होतं."

मी आपली ओट्यावर टेकले.

तिनं आपली शाळेतली जुनी पाटी काढली, पुसली, परत ठेवली, मास्तरीणबाईंकडून कागद मागून आणला आणि दारातच फतकल मारून लिहायला बसली. मी वाकून बघितलं. मला कुठं वाचता येतंय, पण प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच आकड्यासारखं, खाली टिंब असलेलं चिन्ह दिसत होतं, म्हणून विचारलं, हे काय?

"इचारतेय," ती म्हणाली. "तू मधी बोलू नको. पंजाबीन किती म्हयन्यांची हाय, ते पयलं इचारलं."

टपालाची पिशवी दुपारच्या मेलनं जायची. मेलची घंटा झाली तरी हिचं विचारणं संपेना. शेवटी कागद अर्धा ओला तसाच घडी घातला आणि पायात काही न घालता ती स्टेशनच्या उतारावरून धावत सुटली, आणि तिच्या चुलीवरचा भात उतरवायला मी आत गेले.